काठीच्या पुढे, एका पत्र्याच्या घरासाठी

सातपुड्यातल्या काठी गावाला लोक होळीसाठी जातात. आम्ही होळी उलटल्यावर गेलो, एक घर हलवायला.

घर रायसिंग वसावेचं. काठीच्या पुढे डोंगरउतारावर त्याचा पाडा आहे. माझी मैत्रीण वैदेही उपग्रहाच्या रडारवरून जमिनीची हालचाल मोजते. उपग्रह ठरावीक दिवसांनी त्याच वाटेने जातो आणि खालून परत येणाऱ्या लहरींवरून अंतर काढतो. अंतर वाढत गेलं तर जमीन खचते आहे. जंगलात हे जमत नाही, पानं हलत राहतात. उघडा खडक चालतो, पत्र्याचं छप्पर चालतं. रायसिंगच्या छपराचा नकाशावरचा ठिपका आधी हिरवा होता, मग पिवळा झाला. गेल्या पावसाळ्यानंतर तो लाल झाला. वैदेहीने तालुक्याच्या बैठकीत तो दाखवला. पुढच्या पावसाच्या आत घर हलवायचं ठरलं. कुठे, ते राहिलं होतं.

"नकाशा घेऊन जातेय," ती म्हणाली. "येतेस?"

नाशिकहून पहाटेची एसटी धरली की दुपारी नंदुरबार. शहराबाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या उरकत आल्या होत्या, तरी खोकला येतोच. रुमाल हाताशी ठेवा. पुढे अक्कलकुव्याच्या सलीमभाईंची जीप सांगून ठेवली होती. मोलगीपर्यंत वडापच्या जीपही मिळतात, भाडं कमी पडतं, पण भरल्याशिवाय सुटत नाहीत. तापीचा पूल ओलांडला की केळी आणि ऊस. तळोद्यानंतर समोर सातपुडा दिसू लागतो आणि मग दिसतच राहतो.

अक्कलकुव्यात चहाला थांबलो. डिझेल इथेच भरून घ्यावं. सलीमभाईंनी वैदेहीच्या हातातला नकाशा वाकून पाहिला.

"ताई, तो उपग्रह वरथून समदं देखस का?"

"सगळं नाही. पत्रे दिसतात."

"मंग मन्हा घरना पत्रा कथा गळस, तेवढं सांगी द्या. तीन साल व्हई ग्यात, मिस्तरीले सापडत नही."

देवगोई घाटात फोनची रेंज गेली. ती नंतर अधूनमधून आली. काठी मागे पडल्यावर रस्ता कच्चा झाला, मग पायवाट उरली. सलीमभाई मुक्कामाला मोलगीत आपल्या मेव्हण्याकडे गेले.

रायसिंगचं घर सागाच्या खांबांवर उभं होतं. कुडाच्या भिंती मातीने लिंपलेल्या, वर पत्रे. घरामागे उतार आडवा फाटला होता. भेग मातीने बुजवली होती, पुन्हा उघडली होती. वैदेहीने हात घातला, मनगटापर्यंत गेला.

"दर साली भरतो," रायसिंग म्हणाला. "दर साली खाते."

त्याची आई जेमाबाई ओट्यावर बसून मोहाची फुलं निवडत होती. घरात बोलणं भिलीत चाले, रायसिंग आम्हाला मराठीत सांगे. जागा जेमाबाईने आधीच ठरवली होती. खालच्या सपाटीवर, मोहाच्या जुन्या झाडाजवळ, पाण्याच्या झिऱ्याला लागून. हंडा बुडवायचा आणि उचलायचा, एवढंच अंतर.

वैदेहीने नकाशा पसरला. त्या जागी काहीच नव्हतं.

"इथे ठिपकाच नाही," रायसिंग म्हणाला. "म्हणजे चांगलंच ना?"

"म्हणजे मला माहीत नाही. झाडांखालचं दिसत नाही."

जेमाबाईने विचारलं, "एवढ्या लांबून आलीस, आणि माहीत नाही?"

"त्या खडकाचं माहीत आहे."

वैदेहीने डोंगराच्या वरच्या धारेकडे बोट दाखवलं. तिथे जमिनीतून रुंद खडक वर आला होता. मोजणी सुरू झाल्यापासून त्याचा ठिपका हिरवाच होता. बाजूला घर बसेल एवढी जागा होती. वाराही होता. झिरा मात्र पार खाली.

"पाणी कोण आणणार?" जेमाबाईने विचारलं. "तुझा उपग्रह?"

वैदेही सपाटीवर उतरून गेली. मी मागोमाग गेले. माती ओली होती, दोन कोवळी झाडं उताराकडे कलली होती. त्यावरून काय समजायचं, ते मला कळेना. परत येऊन ती म्हणाली, "तिथे बांधू नका, असं मी म्हणत नाही. तिथे घर टिकेल, असंही मला म्हणता येत नाही."

जेमाबाई फुलं निवडत राहिली. पाणी आणायची ती आणि तिची सून. घर खचलं तर त्यात झोपणारीही तीच माणसं. दोन्ही बाजू तिला आमच्यापेक्षा जवळच्या होत्या.

नव्या जागेला आधी विचारायची या पाड्यात रीत आहे. जमिनीवर ज्वारीचे दाणे मांडायचे, वर मातीचं भांडं पालथं घालायचं. सकाळी दाणे जागेवर असले तर जमिनीचा होकार. ऊन उतरल्यावर जेमाबाईने भांडं घेतलं आणि ओट्यावरून उठली. रायसिंग सपाटीच्या वाटेला लागला. ती वर चढू लागली.

तो थांबला, वळला आणि तिच्या मागे गेला.

सकाळी अख्खा पाडा धारेवर होता. जेमाबाईने भांडं उचललं. दाणे होते तिथेच होते.

"बसले," ती म्हणाली. माणसं लगेच खाली उतरली, खांब मोकळे करायला.

वैदेहीने हळूच विचारलं, "हलले असते तर?"

जेमाबाई पहिल्यांदाच मराठीत बोलली. "खडकावर कोण हलवणार? मुंग्या खाली राहतात." आणि पदर तोंडाला लावून हसली.

मग लाह झाली. लाह म्हणजे सगळ्या पाड्याने मिळून एका घरचं काम करायचं. मजुरी नाही, जेवण त्या घरचं. तुम्हाला कधी असं बोलावणं आलं तर जाडसर दोर घेऊन जा आणि कॅमेरा पिशवीत ठेवा. पत्रे उतरले, वासे उतरले, खांब जमिनीतून निघाले. घर खांद्यांवरून चढू लागलं. वर मातीचा थर पातळ होता. पहारीचा घाव खडकावर बसला की ठिणगी उडायची.

"रायसिंग, तुझ्या उपग्रहाला सांग, एक हात पहारीला लाव!" खड्डा खणणारा एक जण ओरडला.

"तो वरून बघतोय. तुझ्यासारखाच."

मी पत्र्याचं एक टोक धरलं होतं. तळव्याला चीर पडली. हातमोजे न्या, हेही सांगून ठेवते. चुलीचे तीन दगड जेमाबाईने कोणाला उचलू दिले नाहीत. एकेक करून तिनेच वर नेले. दिवस कलेपर्यंत खांब उभे होते आणि पत्रे चढले होते. भिंती नंतर लिंपायच्या होत्या. भिंती नसलेल्या त्या घरात आम्ही उडदाची डाळ, भात आणि मक्याची भाकरी खाल्ली. चारी बाजूंनी वारा येत होता. इतक्या चवीने मी बऱ्याच दिवसांत जेवले नव्हते.

परतताना मोलगीच्या बाजारात भगर आणि आमचूर घेतलं. सलीमभाईंनी गळक्या पत्र्याची पुन्हा आठवण करून दिली.

पावसाळा संपल्यावर वैदेही नाशिकला आली. तिने नकाशा माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरला. उतारावरचा लाल ठिपका नव्हता. धारेवर, खडकाच्या ठिपक्याशेजारी, एक नवा होता. हिरवा. त्या छपरातल्या एका पत्र्याचं टोक मी धरलं होतं, म्हणून मी तो जरा जास्त वेळ पाहिला.

आम्ही रायसिंगला फोन लावला. त्या दिवशी रेंज होती. जुन्या जागेमागचा फाटलेला उतार पावसात खाली गेला, तो म्हणाला. मोहाजवळची सपाटी आहे तशीच आहे. मग फोन जेमाबाईने घेतला.

"घर दिसतं का?"

"दिसतं," वैदेही म्हणाली. "हललं नाही."

"आणि पाणी किती लांब पडतं, ते दिसतं का?"

वैदेहीने नकाशावरचं बोट उचललं. "नाही."

"मग ये," जेमाबाई म्हणाली. "हंडा देते."