छत्रीखालून बघणारे खुमान सर

रायसिंग पावराला फसवलं ते कबड्डीच्या व्यावसायिक लीगमधल्या एका संघाच्या परीक्षकाने, आणि शिक्षा झाली ती खुमान सरांना. हे आधीच सांगून टाकतो. मी दुकानदार माणूस आहे. भाव आधी सांगायचा आणि माल मागून दाखवायचा, ही माझी जुनी खोड आहे.

खुमान सर शहाद्याच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचे. त्यांचं गाव धडगावच्याही वर, जीप सोडल्यावर तासभर चालावं लागेल अशा ठिकाणी. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मात्र प्रकाशा गावात. यात्रेच्या निमित्ताने तापीकाठी कबड्डीचे सामने होते आणि मी तेव्हा चादर अंथरून बनियन आणि हाफपँटी विकत होतो. मैदानाच्या कडेला एक माणूस मांडी घालून बसला होता. डोक्यावर काळी छत्री, आणि ती पुढून इतकी खाली ओढलेली की त्याचं तोंडच दिसत नव्हतं. सूर्य कलला होता, आभाळ कोरडं होतं. मला राहवलं नाही.

"ओ दादा, ऊन नई, पानी नई, छत्री कसाले?"

छत्रीखालून शाळेच्या पुस्तकातल्यासारख्या मराठीत उत्तर आलं, "मला फक्त पाय बघायचे आहेत, शेठ."

त्याआधी मला कोणी शेठ म्हटलेलं नव्हतं. माझे वडील राजस्थानातून आले आणि पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन खेड्यापाड्यांत फिरले. त्यांनाही कोणी म्हटलं नव्हतं. म्हणून मी धंदा सोडून त्यांच्या शेजारी बसलो. छत्रीच्या काठाखालून खेळाडू कमरेपर्यंतच दिसत होते. कोण काळा, कोण गोरा, कोण कुणाचा, काही कळत नव्हतं. नुसते पाय. थोड्या वेळाने मलाही दिसायला लागलं की एक जोडी पाय घाबरून नाचते आहे आणि एक जोडी वाट बघते आहे.

"असं का बघता?" मी विचारलं.

"वर बघितलं की मला त्याचा बाप दिसतो," सर म्हणाले. "त्याचं गाव दिसतं. मग पोरगा बघायचा राहून जातो."

ही त्यांची रीत सगळ्या तालुक्याला माहीत झाली होती. लोक हसायचे. त्याच छत्रीखालून त्यांनी एकदा कॉलेजचा संघ निवडला आणि स्वतःच्या सख्ख्या भाच्याला वगळलं. बहीण दोन दिवाळ्या त्यांच्याशी बोलली नाही. सर म्हणाले, "मी त्याला ओळखलंच नाही. त्याची टाच ढिली होती." रीत कुठून आली तेही त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी ते एका निवडीला गेले होते. चढाई करायची हौस. टेबलामागच्या माणसाने वर न बघता नाव विचारलं आणि म्हणाला, "पावरा? म्हणजे डोंगरातला आदिवासी. मग पळायला लावा याला, दमणार नाही." सरांना कबड्डीच्या मैदानात उतरूच दिलं नाही. त्यांना पळायला लावलं आणि ते पळाले.

पुढे माझं दुकान झालं, शाळांचे गणवेश आणि खेळाचे कपडे असं. सर दरवर्षी संघाच्या जर्सी माझ्याकडून घ्यायचे. भाव करायची त्यांची पद्धत विचित्र होती. मी ओरडायचो, हात आपटायचो, माल परत कपाटात टाकायचो. ते पायरीवर बसून चहा प्यायचे. माझा सगळा तमाशा संपला की म्हणायचे, "झालं का शेठ? आता खरं सांगा." आणि मी सांगायचो. अट मात्र त्यांची एकच असायची. पाठीवर नंबर छापा, आडनाव नको.

ज्या वर्षी लीगचा परीक्षक आमच्या कॉलेजात निवड चाचणी घ्यायला येणार होता, त्या वर्षी मी छपाईचं नवं यंत्र घेतलं होतं. टीव्हीवर दिसतात तशा जर्सी करायच्या, सरांना चकित करायचं, असं मनात घेतलं. कॉलेजच्या कारकुनाकडून परस्पर यादी आणली आणि आडनावं छापली. मापं घ्यायला वेळ नव्हता. यादी वाचत गेलो आणि ठरवत गेलो. पाटील, ब्राह्मणपुरी गावचा, घरी दूधदुभतं: मोठं माप. पावरा, वसावे, वळवी, डोंगरातली पोरं, अंगाने किरकोळ: लहान माप. एका बैठकीत काम उरकलं आणि स्वतःवर खूश झालो.

चाचणीच्या सकाळी गठ्ठा मैदानावर सोडला. सरांनी एक जर्सी उचलली आणि पाठ बघितली. तोवर संघात चढाई करणाऱ्या रायसिंग पावराने त्याची जर्सी डोक्यातून घातली होती आणि ती खांद्यावरच अडकली होती. रायसिंग सहा फुटी, दारात वाकून आत येणारा. आणि ब्राह्मणपुरीचा चेतन पाटील त्याच्या काखेखाली मावेल एवढा. चेतनची जर्सी त्याच्या गुडघ्याला लागत होती. पोरं लोळून हसत होती.

"चेत्या, हाई जर्सी शे का मायनं लुगडं?"

सरांनी मला विचारलं, "शेठ, माप कोणाचं घेतलं होतं?"

"यादी होती ना सर."

"यादीला खांदे नसतात."

एवढंच बोलले. शिट्टी झाली होती. रायसिंगने पाटील लिहिलेली सात नंबरची घातली आणि चेतनने पावरा लिहिलेली अकरा नंबरची. सर स्वतः नोंदणीच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "सात आणि अकरा यांची अदलाबदल आहे, लिहून घ्या." मी शेजारीच होतो. टेबलावरच्या माणसाने मान डोलावली. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

परीक्षक हसतमुख, गोड बोलणारा माणूस होता. सरांनी त्याला आपली छत्री देऊ केली. "साहेब, एक डाव हिच्याखालून बघा." त्याने छत्री उघडली, तिच्यासोबत स्वतःचा फोटो काढला आणि परत दिली.

रायसिंग त्या दिवशी जे खेळला ते मी कधी विसरणार नाही. शेवटच्या चढाईत समोर चार जण उरले होते. तो डावीकडे झुकला आणि थांबला. नुसता थांबला. श्वास संपत आला तरी हलेना. कोपऱ्यातल्या पोराला वाटलं, हा दमला. तो पुढे सरकला, आणि तेवढ्यात रायसिंगने उजवीकडच्या दोघांना पायाने शिवून मध्यरेषा गाठली. सर छत्रीखाली स्वतःशीच म्हणाले, "थांबला. पोरगा थांबायला शिकला."

पंधरा दिवसांनी कॉलेजात कागद आला. प्रत्येक खेळाडूपुढे शेरा. सात नंबर, पाटील: "खेळ वाचतो. थंड डोकं. नेतृत्वगुण. चढाईसाठी सराव शिबिराला बोलवावे." अकरा नंबर, पावरा: "डोंगराळ भागातला नैसर्गिक काटकपणा. दम चांगला. खेळाची समज मर्यादित. बचावासाठी राखीव." हा डोंगराळ काटकपणा चेतनचा. ज्याला तोरणमाळच्या सहलीत पहिल्याच वळणावर जीप थांबवून ओकायला उतरवावं लागलं होतं, तो चेतन. आणि बचावाचे सगळे डाव आखायचा तोच. त्याच्या डोक्याशिवाय तो संघ उभाच राहिला नसता.

चेतन कागद घेऊन माझ्या दुकानात आला. "शेठ, मन्हं नाव त्यास्ना कागदवर शे, खेळ रायसिंगना शे. मी तठे जाईसन काय करू?"

तो गेला नाही. सर मात्र गेले. परीक्षक नाशिकला एका हॉटेलात उतरला होता. सर आणि रायसिंग निघाले तेव्हा मीही गाडीत बसलो. माझ्याच मापांनी हे घडवलं होतं, आणि बोलणी करायची तर ती मलाच जमतात, असा माझा समज होता.

परीक्षकाने चहा मागवला. सरांनी आधी एवढंच विचारलं, "साहेब, तुमच्या सात नंबरने शेवटच्या चढाईत काय केलं, आठवतं?"

त्याचा चेहरा खुलला. "आठवतं म्हणजे काय! थांबला तो. डोकं बघा त्याचं. समोरच्याला फसवायला किती विचार लागतो!"

"तो हा," सर म्हणाले. "रायसिंग पावरा." आणि दोघांची ओळखपत्रं टेबलावर ठेवून त्यांनी अदलाबदल समजावली.

परीक्षकाने रायसिंगकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला, "असं होय. बरोबर आहे, यांच्या अंगातच असतं ते. रानात शिकारीला थांबायची सवय. मुद्दाम विचार करावा लागत नाही."

रायसिंग जन्मात शिकारीला गेला नव्हता. वाणिज्य शाखेत शिकत होता.

"मग चढाईला बोलावता ना?" सरांनी विचारलं.

"शेरा नव्याने लिहावा लागेल." आणि त्याने आमच्यासमोर लिहिला. पुन्हा खेळ न बघता, रायसिंगला एक शब्द न विचारता. पावरा, शरीरयष्टी उत्तम, कच्चा खेळाडू, बचावासाठी विचार करता येईल. मी काही बोलायच्या आत त्याने वर बघितलं. "शेठजी, गैरसमज नको. मी जातपात मानत नाही. आमच्याकडे दोन आदिवासी मुलं आहेत. दोघंही बचावात भिंतीसारखी."

मी उठलो आणि कप टेबलावर आपटला. चहा त्याच्या कागदांवर सांडला. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर तेवढा वेळ खिशातल्या रुमालाने ओळखपत्रं पुसत होते.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "शेठ, तुमचा आवाज मोठा झाला आणि माझं म्हणणं लहान झालं."

त्यांचं खरं ठरलं. महिन्याभरात कॉलेजला पत्र आलं, सोबत तो नवा शेरा. प्रशिक्षकाने खेळाडूंची ओळख जाणीवपूर्वक लपवली, उद्धट माणसाला सोबत आणून दबाव टाकला, यापुढे या प्रशिक्षकाचा संघ चाचणीला घेतला जाणार नाही. मी कॉलेजात जाऊन सांगितलं की मापं माझी चुकली, आडनावं मी छापली, कप मी आपटला, आणि अदलाबदल सरांनी टेबलावर सांगितली तेव्हा मी तिथे होतो. साहेब लोकांनी ऐकून घेतलं. लिहून कोणीच घेतलं नाही.

सरांनी संघ सोडला. पोरांची वाट माझ्यामुळे अडायला नको, म्हणाले. तास घेत राहिले, सुट्टीच्या दिवशी धडगावला जाऊन लहान पोरांना मैदानावर घेत राहिले. माझ्यावर ते एकदाही रागावले नाहीत, आणि तेच मला जड गेलं. मी एकदा म्हटलं, "सर, शिव्या तरी द्या." ते म्हणाले, "तुम्ही मापं चुकलात, पण जर्सी अडकली तेव्हा तुम्ही बघितलं. तो माणूस अडकलेली बघूनही माप बदलत नाही."

गेल्या हिवाळ्यात सर गेले. दमा होता, शेवटी छातीत बसला. आम्ही शहाद्याहून तीन जीप भरून वर गेलो. चेतन पुढच्या सीटवर बसला होता आणि सगळा घाट तोंड घट्ट मिटून पार केला. रायसिंग आता धडगावच्या रस्त्यावर स्वतःच जीप चालवतो. लीगच्या शिबिराचं वय त्याचं उलटून गेलं. सरांच्या पत्नीने मला छत्री दिली. म्हणाल्या, "ते सांगून गेले, शेठला द्या. त्यांना अजून शिकायचं आहे."

ती छत्री दुकानात खिळ्याला टांगली आहे. आता कोणाचंही माप मी फीत लावल्याशिवाय घेत नाही. माझी चूक मी कॉलेजात कबूल केली आणि इथेही लिहून दिली. आता त्या परीक्षकाची पाळी आहे. साहेब, दोन्ही शेरे माझ्याकडे आहेत, एक चेतनने दिलेला, एक कॉलेजातून आणलेला. दोन्ही तुमच्याच अक्षरातले, एकाच दिवसाच्या एकाच खेळावर, एकाच पोराबद्दलचे. मधल्या वेळात तो पुन्हा खेळला नव्हता. बदललं ते फक्त आडनाव. शहाद्याला या. खुर्ची मिळणार नाही, जमिनीवर बसा, छत्री मी धरतो. मग सांगा, त्या पोराचं थंड डोकं नाशिकच्या टेबलावर कुठे गेलं? ते नाही सांगता आलं तर पहिला शेरा रायसिंग पावरा या नावाने पुन्हा लिहा, सरांवरचं पत्र मागे घ्या, आणि दोन्ही कागद घेऊन धडगावच्या वर, जिथे जीप थांबते तिथून पुढे पायी जा. सरांच्या पत्नी घरी असतात. यात मी घासाघीस करणार नाही.