पाटीमागचा फॅन

थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा कालव्यात बुडून गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत दादानं त्याच्या नावाची पत्र्याची पाटी रंगवून आणली आणि आमच्या जुन्या जीपच्या तोंडावर, रेडिएटरच्या जाळीवर, बोल्टांनी आवळून बसवली. नव्वदच्या दशकात इंदापूर-बारामती रस्त्यावर वडाप करणाऱ्या, म्हणजे माणसं भरून ने-आण करणाऱ्या, बहुतेक जीपगाड्यांवर अशी पाटी असायचीच. कुणी देवाचं नाव लिहायचं, कुणी आईवडलांचं. आमची पाटी जरा मोठी होती. नाव लांबून वाचता यावं, एवढंच दादाला हवं होतं.

जीप मी चालवायचो. त्याआधी बारामतीच्या एमआयडीसीत मला काम मिळत होतं. पण पोरगा गेला आणि दादानं स्टेअरिंगला हात लावणं सोडलं. त्यानं किल्ली पुढं केली तेव्हा माझ्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही. मनातून मात्र मी रोज तेच म्हणत होतो. मेलेल्या पोराचा मला राग यायचा, हे आज लिहितानाही लाज वाटते.

पाटी बसली आणि जीप तापू लागली. लासुर्णे येईपर्यंत काटा लाल पट्ट्यात जायचा. मी कडेला थांबून, फडकं धरून रेडिएटरचं झाकण सैल करायचो. तोवर सीट, म्हणजे आमचे प्रवासी, दुसऱ्या जीपला हात करून निघून जायचे. घर याच गाडीवर चालत होतं. दादा म्हणायचा, “फॅन बघ एकदा. म्हातारा झालाय त्यो.”

बारामतीच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, “उभी असताना तापती का पळताना?”

“पळताना.”

“मग फॅनला कशाला शिव्या? पळत्या गाडीला वारा समोरनं घावतो. तुमी तिच्या तोंडावर पत्रा ठोकलाय. तोंड दाबून पळवताय की राव तिला!”

शेजारच्या टपरीवरचे दोघं हसले. मी म्हणालो, “पाटी ऱ्हाणार. फॅन कुठला घालायचा तेवढं सांगा.”

“वर कॅरिअरवर लावा की पाटी.”

तेही मी दादाला विचारून पाहिलं. तो पाटी पुसत होता. हात न थांबवता म्हणाला, “वर भाजीची पोती असत्यात. त्याच्यावर पोती ठिवायची व्हय आपण?”

पुन्हा मी तो विषय काढला नाही. फॅन शोधत हिंडलो. एका भंगारवाल्याकडं मोटारीचा विजेवर चालणारा फॅन होता. मिस्त्री म्हणाला, “तुमचा डायनामो जुना हाय. ह्यो फिरला तर हेडलाइट पेटायची न्हाय.” ट्रकचा फॅन लावून पाहिला, तर पातं रेडिएटरला घासायला लागलं. शेवटी एका टेम्पोचा सहा पात्यांचा लोखंडी फॅन मिळाला. भोकं जुळली. पातं आणि रेडिएटर यांच्यात दोन बोटांचं अंतर राहिलं.

“वरडंल लई,” मिस्त्री म्हणाला. “डिझेल पण जास्त पिईल. नंतर माझ्या नावानं खडं फोडू नका.”

“वरडू दे.”

काटा लाल पट्ट्याच्या अलीकडं थांबू लागला. घरी येऊन मी दादाला सांगितलं, “फॅनच बारीक होता.” त्यानं मान हलवली आणि पाटीवर हात फिरवला. माझं खोटं त्यानं इतक्या सहज घेतलं, की मला तिथं उभं राहवेना.

वहिनी भाजी घेऊन बारामतीच्या बाजाराला माझ्याच शेजारी बसून यायची. घरात दादासमोर ती पोराचं नाव काढत नसे, जीपमध्ये काढायची. तो काय खायचा, कुणाशी भांडायचा, कालव्यावर जाऊ नको म्हटलं तर काय उलट बोलायचा. रोज, पार काटेवाडीपर्यंत. मला ना उतरता यायचं, ना कान बंद करता यायचे.

नवा फॅन बसल्यावर पहिल्याच खेपेला तिचा आवाज त्या घरघरीत बुडाला. ओठ हलताना दिसत होते. मी रस्त्याकडं बघत मान डोलवत राहिलो. मला हायसं वाटलं. एवढंच नाही, मी अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला.

भवानीनगरच्या अलीकडं ती माझ्या कानाशी वाकून ओरडली, “ऐकाय येतंय का, भावजी?”

“व्हय,” मी म्हणालो.

ती सावरून बसली आणि पुढं सांगू लागली. मध्येच हसली, मग पदरानं डोळे पुसले. तिनं काय सांगितलं, ते मला आजही माहीत नाही.