वाटीच्या तळाची खूण

माधवच्या बायकोचा, सुनीतावहिनींचा फोन आला तेव्हा मी अजमानच्या घरी इस्त्री करत होतो. "भाऊजी, हे गेले हो..." इस्त्री शर्टावर तशीच राहिली. महिना झाला, पण खरं सांगतो, तेव्हा रडू आलं नाही. मनात आलं, सुटलो, आता माधवशी बरोबरी नको.

आम्ही दोघं दुबईत जहाजदुरुस्तीच्या एकाच कंपनीत ड्राफ्ट्समन. नव्वदीच्या सुरुवातीला शारजात, रोल्ला भागात एका खोलीत पाच जण राहायचो. वाट्या सगळ्यांच्या सारख्या. नाव घालून द्यायला गावासारखा भांडेवाला इथे कुठला? म्हणून मी कंपासच्या टोकानं माझ्या वाटीच्या तळाशी होडी कोरली. सगळे हसले. पुढे ती वाटी हरवलीच.

इंग्लंडमध्ये समुद्रातून वर काढलेल्या ट्यूडर राजांच्या काळातल्या युद्धजहाजाचं वेड मूळचं माझं. जुन्या मासिकातले फोटो मीच माधवला दाखवले. आणि कंपनीनं ट्रेनिंगला इंग्लंडला धाडलं कोणाला? माधवला! तो जहाज बघून आला आणि इथल्या मराठी मंडळात व्याख्यानं देऊ लागला. खलाशांचे फासे, जपमाळा, वैद्याची पेटी... माझी मुलगी ऐकून यायची. "बाबा, देअर कोम्ब्स हॅड लाइस! माधवकाका इज सो कूल. अँड देन ही शोज अस..." माझ्या पोटात दुखायचं. "खलास, जेव आता," म्हणून मी तिला तोडायचो. माधव स्वतः विचारायचा, "या शुक्रवारी येतोस ना रे?" मी म्हणायचो, "इन्शाल्ला." एकदाही गेलो नाही.

पंधरा दिवसांपूर्वी, गावी परत निघालेल्या वहिनींचं सामान बांधायला गेलो. त्यांनी व्याख्यानाच्या पिशवीतून स्टीलची वाटी काढली.

"ही तुमची. खोली सोडताना यांच्या सामानात आली होती. त्या खलाशांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ते आपापल्या लाकडी वाडग्यावर खूण कोरायचे, एवढं सांगून हे ही वाटी उलटी धरायचे. म्हणायचे, 'मला हे इंग्लंडला जाऊन कळलं, माझ्या मित्राला रोल्लातच कळलं होतं.' तुम्ही आलात की सगळ्यांसमोर परत द्यायची होती त्यांना..."

वाटी रुमालात गुंडाळून घरी आणली.

आता रोज तिच्यातच ताक पितो आणि धुऊन उपडी ठेवतो. तळाची होडी पार झिजली आहे. मंडळातल्या सगळ्यांनी ती माधवच्या हातात पाहिली, मी तेवढा राहिलो.