कुलदीपचा डावा हात

चांदूर बाजारच्या उद्धवकाका जोशांनी चाळीस वर्षं लोकांचे अंत्यविधी केले. कधी हात थरथरला नाही की आवाज अडखळला नाही. लोक म्हणत, "काकाचं काळीज दगडाचं हाय."

सीमेकडे जवानांच्या गाड्यांवर हल्ला झाला आणि एका सकाळीतच तीसेक पोरं गेली. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत बाजार बंद. चौकाचौकांत मेणबत्त्या, टीव्हीवर दिवसभर तीच जळालेली गाडी. दुसऱ्या दिवशी कळलं, गेलेल्यांत एक आपल्याच तालुक्यातला आहे. बेबीताईंचा कुलदीप. त्याची जन्मपत्रिका काकांनीच मांडली होती.

तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली तेव्हा गावाबाहेरच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. अधिकारी काकांच्या कानाशी लागले. "गुरुजी, पेटी उघडता येणार नाही. पाहण्यासारखं काही नाही."

बेबीताईंनी काकांचं उपरणं धरलं. "महाराज, मले पोराचं तोंड दाखवा. तुमी तं ऐंशी वरसं सांगतले होते ना त्याचे?"

काका अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, आधी मी पाहतो. मग काय ते ठरवू."

पेटी मैदानातल्या तंबूत नेली. काका आत पाहून बाहेर आले. घोटभर पाणी पिऊन ते बेबीताईंसमोर जमिनीवर बसले.

"ताई, तोंड नाही दाखवू शकत. तुमच्याशी खोटं नाही बोलणार. पण डावा हात शाबूत आहे."

काकांनी त्यांना तंबूत नेऊन तेवढा हात दाखवला. मनगटावर लहानपणी विळा लागल्याचा व्रण होता. बेबीताईंनी त्यावरून बोट फिरवलं. "माह्याच पोराचा हाय," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. तांब्यातल्या पाण्यानं त्यांनी तो हात धुतला, नखांतली काजळी काढली, पदरानं पुसला. बाहेर बदल्याच्या घोषणा चालल्या होत्या. तोंडात घालायचं गंगाजल काकांनी त्या तळहातावर सोडलं. मंत्र मध्येच विसरले; पुन्हा पहिल्यापासून म्हटले.

तेराव्याला मांडवात वीस-पंचवीस माणसं होती. गाड्या नाहीत, कॅमेरे नाहीत.

"महाराज, हल्ला करणाऱ्याईले पकडलं का जी?" बेबीताईंनी विचारलं.

"माहीत नाही, ताई."

"पकडलं तरी माहं पोरगं थोडंच वापस येते," त्या म्हणाल्या आणि पंगतीकडे वळल्या.

नंतर वर्षभर काका दर सोमवारी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसत. चहा व्हायचा.