आमच्या घरातून हिरडा जायचा

लग्न होऊन पोलादपूरजवळच्या कापड्यात आले तेव्हा गावात बायका होत्या, म्हातारे होते, बैल होते. नवरे मात्र फार थोडे. बाकीचे मुंबईला. कोणी गिरणीत, कोणी गोदीत. शिमग्याला आणि गणपतीला यायचे, घरातली लहान पोरं त्यांना पाहून रडायची, आणि पोरांना जरा ओळख पटते न पटते तोच परतीची एसटी धरायचे. माझा नवरा घरी होता. सकाळी उठून पाहावं तर ओटीवर आहे, संध्याकाळी पाहावं तरी आहे. मी वरंधची, सातवी पास, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा एक समज होता. त्यात हा घरातला नवरा. पाणवठ्यावरून येताना डोक्यावर कळशी असली की मान ताठ ठेवावीच लागते, पण माझी मान कळशी उतरवल्यावरही खाली येत नसे.

हे सगळं हिरड्याच्या जिवावर.

गावामागच्या उतारावर आमच्या मालकीचं वरकस रान होतं, त्यात हिरड्याची जुनी मोठी झाडं. दिवाळी उलटली की फळ तयार व्हायचं. हे झाडावर चढून काठीने झोडपायचे, आम्ही जावा खाली वेचायचो, कातळावर वाळत घालायचो. हिरडा वाळला की नाही ते बघून कळत नाही, ऐकून कळतं. मुठीत घेऊन हलवला की खडखड वाजला पाहिजे. मग गाडीत घालून महाडच्या शेठकडे. शेठकडून मुंबई, मुंबईहून बोटीने परदेशी. तिकडे म्हणे त्याने कातडी कमावतात, बूट करतात. साहेबाच्या पायात आपलं वरकस आहे, असं मी जावेला सांगायची. तिने साहेबही पाहिला नव्हता आणि बूटही, त्यामुळे माझं चालून जायचं.

सासऱ्यांनी ह्यांना एकदाच बजावून ठेवलं होतं. "हिरडा हाय तवर रहा घरी. हिरडा बंद झाला की थोरल्यासारखी मुंबई गाठायची. निस्त्या भातावर दोन घरं नाय चालायची."

थोरले म्हणजे माझे दीर. ते गिरणीत होते आणि त्यांची बायको, माझी थोरली जाऊ, आमच्यातच राहायची. हेही लग्नाआधी एकदा मुंबईला जाऊन आले होते आणि आठवडा व्हायच्या आत परतले होते. का, असं विचारलं तर म्हणायचे, "तिकडं झाडावर चढाय येतं याला कोण विचारीत नाय." त्यापलीकडे काही सांगत नसत. पण मुंबईचं नाव निघालं की उठून बैलांना पाणी दाखवायला जायचे. आमच्या बैलांनी त्या वर्षांत फार पाणी प्यायलं.

वेचून वेचून आमचे हात काळे पडायचे. हिरड्याचा डाग आठ-आठ दिवस जात नाही. जाऊ चिडवायची, "काय गो, तव्याला मिठी मारलीस काय?" मी म्हणायची, "मारीन नायतर काय करीन! आमच्या घरातून मुंबईला हिरडा जातो, माणूस जात नाय."

तिचा माणूस मुंबईत असताना तिला हे म्हणायची मी.  फक्त त्या दिवशीची भाकरी माझ्या ताटात जरा करपलेली यायची.

आता मध्येच पात्याची गोष्ट सांगते, कारण ती पुढे लागणार आहे. थोरले दीर गणपतीला येताना ह्यांच्यासाठी दाढीची विलायती पाती आणायचे. एका वर्षी वेगळंच पुडकं आणलं. बाहेरचा माल सरकारने बंद केला, आता आपल्याच कारखान्याची पाती वापरायची, म्हणाले. ह्यांनी दुसऱ्या दिवशी दाढी केली आणि रक्त थांबवायला गालावर चुन्याची बोटं लावून जेवायला बसले. सासरे म्हणाले, "मांजरानं वरबाडलं काय?" तर हे म्हणाले, "आपलाच कारखाना हाय. नवा हाय. शिकंल हळूहळू." आणि पुढे किती तरी दिवस त्यांनी तो कारखाना आपल्या गालावर शिकवला. मला त्याचाही अभिमान वाटला होता. मला तेव्हा कशाचाही अभिमान वाटायचा.

मग ते साल आलं. हिरडा असा लागला होता की फांद्या वाकल्या होत्या. गाडी शीग लावून भरली. बांगड्या भरायचं निमित्त काढून मीही सासरे आणि ह्यांच्याबरोबर निघाले. महाडच्या जकात नाक्यावर सासऱ्यांनी नेहमीसारखी हुज्जत घातली, नेहमीसारखी हरले, आणि आम्ही शेठच्या वखारीसमोर गाडी सोडली.

शेठ बाहेर आला. एरवी तो आधी मूठभर हिरडा उचलून कानाशी वाजवायचा. त्या दिवशी त्याने हात लावला नाही.

"पाटील, माल परत न्या. मुंबईचे व्यापारी उचलत नाहीत."

"वाजवून तर बघा," हे म्हणाले.

"वाजेल हो. तुमचा वाजतोच. पण घेणारा राहिला नाही. हिरडा जातो त्या देशाच्या सरकारने बाहेरच्या मालावर जकात चढवली आहे. कातडी कमावायची काही पूड त्यांच्याकडेच निघाली आहे, तिचे कारखाने नवे आहेत. ते उभे राहीपर्यंत बाहेरचं नको म्हणतात."

सासऱ्यांना यातला जकात हा शब्द चांगला ठाऊक होता. त्यांनी मान हलवली, शेठच्या जवळ सरकले आणि आवाज खाली घेतला. "नाका किती मोठा हाय त्यांचा? आडवाट असंलच की. आमी कवा कवा नदीतनं काढतो गाडी."

शेठ हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "पाटील, तिथे समुद्र आहे."

"मग समुद्रातनं."

ह्यांनी विचारलं, "आमच्या हिरड्यानं त्या कारखान्याचं काय वाकडं केलं?"

"काही नाही. तुमचा स्वस्त आणि चांगला आहे, एवढंच केलं."

 ह्यांचा हात गालाकडे गेला. आपल्या कारखान्याच्या पात्याचा एक जुना वण होता, तो चाचपत उभे राहिले. मी सातवी पास, पण पात्याचा इथे काय संबंध ते मला तेव्हा समजलं नाही. ते ह्यांना समजलं होतं.

गाडी भरलेलीच परत फिरली. बांगड्या भरायचं कोणालाच आठवलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही, हा माझ्या संसारातला एक मोठा शहाणपणा म्हणून मी नातवंडांना सांगते.

तो हिरडा पडवीत पडून राहिला. गावात कोणाला खोकला आला की आम्ही ओंजळ भरून द्यायचो. लोक खोकला दाबून आमच्या दारावरून जायला लागले. पावसात ढिगाला बुरशी आली, तेव्हा सगळा उकिरड्यात ओतला. पुढच्या मोसमात शेठने निरोप पाठवला की यंदाही आणू नका. झाडाखाली हिरड्याचा सडा पडला आणि तिथेच कुजला. त्या वर्षी माझे हात स्वच्छ राहिले. जाऊ माझे हात बघायची, पण तव्याचं नाव काढायची नाही. आणि भाकरीही करपली नाही. तिची दया मला करपलेल्या भाकरीपेक्षा घशाखाली उतरायला जड गेली.

आता राबाचं. आमच्याकडे भाताचं बी पेरायच्या जागेवर आधी फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात, तो राब. त्यासाठी हिवाळ्यात झाडांच्या फांद्या तोडायच्या, त्याला कवळ म्हणतात. दर वर्षी कवळ ऐन आणि किंजळ या झाडांचा. हिरड्याला कोयता लावायचा नाही हा ह्यांचा कायदा. आमचे ऐन तोडून तोडून खांबासारखे झाले होते आणि हिरडे मात्र मधे झिलईदार, जावयासारखे उभे.

सासरे म्हणाले, "जावई पोसायचे दिस गेले. त्यांचापण कवळ काढा."

हे म्हणाले, "अजून एक साल बघू."

"शेट काय म्हनला? नाय म्हनला. दोन सालं नाय म्हनला. ऐनाला आता फांदी नाय, राब कशाचा करतोस? तुझ्या मिशांचा?"

हे कोयता घेऊन गेले. मी मागून गेले. मला वाटलं होतं अडवावं, पण काय म्हणून अडवायचं? मोठ्याने बोलायला माझ्याकडे हिरडा जातो, माणूस जात नाय हे एकच वाक्य होतं, आणि ते आता उपयोगाचं नव्हतं. ज्या फांदीवर उभं राहून हे झोडपायचे तीच पहिली तोडली. सगळे हिरडे बोडके करून खाली उतरले. मग अंगावरचा पाला झटकत म्हणाले, "दादाला कळव, खोलीत जागा कर म्हनावं."

त्या उन्हाळ्यात राब छान जळला. भातही छान आलं. नवा तांदूळ खायला हे नव्हते, गिरणीत बदलीवर, म्हणजे कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी, लागले होते.

पुढच्याच दिवाळीनंतर शेठ स्वतः आला. पोलादपूरपर्यंत ट्रकने आणि तिथून चालत, घाम पुसत. तिकडच्या पुडीने जाड कातडं नीट होत नाही, बुटांचे तळवे तडकतात, म्हणून जकात उतरवली होती. "दुप्पट भावाने घेतो. किती आहे?"

सासरे ओटीवर बसले होते. त्यांनी भाताच्या कणगीकडे बोट केलं. "ह्ये काय. राबात घातला. निम्मा आमी खाल्लाव."

शेठला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मी त्याला वरकसात नेलं. बुंध्यांवर पालवीचे झुबके होते, फळ एकही नव्हतं. शेठने एक झुबका हाताने बाजूला करून पाहिला. "थोडी कळ काढायची होती," असं म्हणाला. हे तो मला म्हणाला. त्याच्या वखारीत त्या दोन वर्षांत मिरची होती, तांदूळ होता, गूळ होता. कळ काढायला त्याला जागा होती.

"तुमी तरी म्हनायचं हुतं," मी म्हणाले.  त्याला तरी कुठे माहीत होतं.

शिमग्याला हे आले. मी स्वयंपाक टाकून आधी हेच सांगितलं. जकात उतरली, शेठ येऊन गेला, झाडं फुटलीत, चार-पाच वर्षांत धरतील. जाऊ चुलीपाशी बसून ऐकत होती.

हे ओटीवर आरसा लावून दाढी करत होते. म्हणाले, "आणि चार-पाच वर्सांनी परत जकात चढवली म्हंजे? मला पर्मनंट केलंय तिकडं. परवाची गाडी हाय."

वरकसात ते गेलेच नाहीत. मी चिडून त्यांच्याकडे बघत राहिले, निदान गाल तरी कापू दे म्हणून. पातं आपल्याच कारखान्याचं होतं. पण गाल कुठे कापला नाही, चुनाही लागला नाही. तो कारखाना तोवर शिकला होता.