नागपूरकडे तोंड

आमच्या सौंसरच्या गल्लीत पहिला टीव्ही आला तो समोरच्या भाऊंकडे. भाऊ जिनिंगमध्ये कामाला. टीव्हीवर मुंग्यांशिवाय काही दिसेना, पण ते चिडले नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्यांची रीत. आज वायर, उद्या जोड, परवा संत्र्याच्या फांद्यांना टेकू देतात तो बांबू बांधून अँटेनाचा पाईप उंच. सगळंच एकदम बदला म्हटलं की म्हणायचे, "मंग कशानं आलं, हे कसं समजन?"

टीव्हीचं प्रक्षेपण यायचं नागपूरहून. अँटेना त्यांनी रोखली होती ती नागपूरची बस स्टँडवरून जिकडे तोंड करून निघते, तिकडे.

मी म्हटलं, "भाऊ, पुढं रस्ता वळते ना."

भाऊ रविवारी सकाळी बसमध्ये खिडकीशी बसले, दिशा कळावी म्हणून ऊन कोणत्या अंगावर येतं ते पाहत नागपूरला गेले आणि त्याच बसने परत आले. वहिनींनी सांगितलेली बरणीसुद्धा आणली नाही.

संध्याकाळी छतावर चढून त्यांनी अँटेना फिरवली. "आलं का?"

"आलं, आलं," खालून सगळी गल्ली ओरडली. पिक्चरमधली माणसं ओळखू येत होती. जरा वेळानं पुन्हा मुंग्या. मी धावत अंगणात आलो.

"भाऊ, काय करून राहिले?"

"पयल्या जागेवर नेऊन पाहून राहिलो. गेलं का?"

"गेलं."

"मंग बिमारी हेच होती."

खाली लोक बोंबलत होते आणि वर भाऊ, मी पहिल्यांदाच ऐकलं, हसत होते.