पावल्याचा नकाशा

सरहद्दीवरच्या तारयंत्राच्या चौक्यांचे नकाशे काढणाऱ्या त्या माणसाला सगळे पावल्या म्हणायचे, आणि गड्याला त्याचा कोण अभिमान! अंतर तो पावलांनीच मोजायचा. डोंगर असो की नाला, तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटत चालायचा आणि मग कागदावर चौकी, विहीर, तारेचे खांब असे सुबक उतरवायचा की बघत राहावं. मागच्या साली त्याच्या मांडीत गोळी शिरली. हाड जुळलं, पण पाऊल आखूड पडायला लागलं. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, लंगडताय तुम्ही." तर हे महाशय खेकसले, "माझं पाऊल म्हणजे पाऊल! तू तुझं काम बघ."

त्याच आखूड पावलांनी त्याने तोफेच्या टेकडीपासून शेवटच्या चौकीपर्यंतचं अंतर मोजलं. पावलं जास्त भरली आणि कागदावर चौकी होती त्याहून लांब गेली. त्या चौकीत तारबाबू होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

एके सकाळी हल्लेखोर त्या चौकीवर तुटून पडले. पहारेकऱ्यांना त्यांनी टेकडीकडच्या फाटकातच कापून काढलं, गवताची गंजी पेटवली. पावल्या टेकडीवर तोफेपाशी उभा होता, जीव नुसता टांगणीला. धुरात चौकी दिसेना. तोफखान्याचा साहेब ओरडला, "फाटकासमोर जमाव आहे, तो उडवा. अंतर नकाशावरून घ्या!" तोफ धडाडली.

पाठोपाठ टेकडीवरचं तारयंत्र कडकडलं. तारवाल्याने वाचून दाखवलं, "गोळा आत पडला. चौघे गेले. अलीकडे टाका."

"चौकीतलं यंत्र शत्रूच्या हाती लागलं असेल. फसवतायत आपल्याला," साहेब म्हणाला आणि पावल्याकडे वळला. "काय रे, नकाशा बरोबर आहे ना?"

ती टकटक भावाचीच होती. धाकटा जेवतानाही ताटावर बोटांनी तशीच वाजवायचा, पावल्याने ती हजारदा ऐकली होती. पण वीस वर्षांचं नाव, सगळे गोलंदाज बघतायत, आणि मेली ती जीभ!

"बरोबर आहे," तो म्हणाला.

दुसरा गोळा सुटला. तारयंत्र गप्प झालं.

तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला. "थांबा! माझं चुकलं! मी लंगडतो हो साहेब, माझी पावलं आखूड आहेत!" छाती बडवत तो तोफेच्या तोंडासमोर आडवा झाला. साहेबाने त्याला लाथेने बाजूला लोटलं, पण अंतर कमी केलं. तिसरा गोळा नेमका जमावात पडला. माणसं, घोडी, सगळ्यांच्या चिंधड्या उडाल्या. उरलेले वाट फुटेल तिकडे पळाले.

पावल्या धडपडत खाली आला. अंगणात रक्ताचं थारोळं, भिंतीला मांस चिकटलेलं. तारेच्या खोलीचं छत खाली आलं होतं. तुळईखाली धाकटा सापडला. गुडघ्यांखाली काही उरलंच नव्हतं. पावल्याने त्याचा हात घट्ट धरला.

"दादा," धाकटा कसाबसा बोलला, "पहिला गोळा आत पडल्याबरोबर मी खबर दिली होती. पोचली नाही का?"

नाही म्हणायला काय जात होतं? एवढंसं खोटं बोलला असता तर पोरगा निवांत गेला असता. पण आज एकदा खोटं बोलून झालं होतं, आणि त्याचा निकाल समोर पडला होता.

"पोचली. तुझी टकटक मी ओळखली होती," पावल्या म्हणाला.

धाकट्याने उरलीसुरली ताकद लावून आपला हात सोडवून घेतला.